ताटली माझ्या हातात होती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली तेव्हा उशाशी बसून होतो, तिलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही निम्मी मेंढरांमागं. अक्षर वाकडं येईल. वाचून घ्या.

आमच्याकडनं रस्ता जाणार आहे. मोहोळपासून आत आमचं गाव. तिथल्या काळ्या रानातनं निघून थेट गोव्याच्या समुद्रापर्यंत. टोल भरायचा आणि सुसाट जायचं. मी समुद्र बघितलेला नाही. गावात कुणीच बघितलेला नाही. पण त्याच्याकडं जायची वाट आमच्या ज्वारीतनं — कशाला? कुणाला तरी तिथं पाण्यात पाय बुडवायचे आहेत म्हणून?

हे सगळ्यात मोठ्यानं कोण बोललं? मीच. चावडीपुढं उभा राहून म्हणालो, रस्ता न्यायचा तर माझ्या छातीवरनं न्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बरं वाटलं — खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. मग मीच गावाला बिरोबाच्या देवळात नेलं आणि बेल-भंडारा उचलायला लावला. हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. मोडला तो माणसातनं उठला. मोजणीला कुणी सही द्यायची नाही, हा शब्द होता. ताटली माझ्या हातात होती. पहिला भंडारा मी उचलला. माझ्यामागं म्हादूनं.

म्हादू म्हणजे — कसं सांगू? त्याची मेंढरं बावीस उन्हाळे माझ्या रानात बसली. त्यांच्या लेंडीवर माझी ज्वारी पिकली. त्याच्या पोरीला खांद्यावर घेऊन मी जत्रा दाखवलेली.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. माझ्याच नावानं. छापील, किचकट, खाली शिक्का. त्या सरकारी भाषेचा मला काही अर्थ लागेना. नातीला दिली असती तर एका दमात वाचली असती तिनं. दिली नाही. ज्यानं गावापुढं भाषण ठोकलं त्याला सरकारी कागद उमगत नाही, हे पोरीला कळू द्यायचं? ‘पोलीस’ एवढा एक शब्द तेवढा लागला. झालं. अटकेचाच कागद, असं मी धरून चाललो. छातीवरनं रस्ता न्या म्हणणाऱ्याच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी एकटाच सोलापूरला गेलो. हापिसातल्या कारकुनानं एक कागद पुढं सरकवला. म्हणाला, "बाबा, मोजणीला हरकत न्हाय असं लिवलंय. करा सही."

ऐकलं मी. कागद उमगला नाही म्हणून फसलो, असं आजवर मनाला सांगत आलो — पण ऐकलं होतं की. कान धड आहेत माझे. केली सही. आणि मग विचारलं, आता अटक नाही ना होणार?

तो खो खो हसला. "अटक? कशाची वो? तुमचं म्हणणं मांडायला बोलावलंतं नुसतं. पोलीस मोजणीच्या बंदोबस्ताला!"

बाहेर पडलो, तर नव्या पेठेत म्हादू. पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेला, काखेत गठुडं. "तात्या, तू हितं कुटं?" म्हणालो, डोळं दाखवायला आलतो, अंधुक दिसतंय. गावात बोलू नको. "न्हाय बोलत की," म्हणाला, आणि त्यानं मला उसाचा रस पाजला.

आठ दिवसांत मोजणीवाले आले, पोलिसांसकट. गावातनं एक सही मिळालीय एवढंच बोलले. नाव सांगितलं नाही. मग एवढ्यात सोलापूरला कोण गेलतं, हे सुरू झालं. म्हादूच्या घरातला बस्ता सगळ्यांनी बघितलेला. पारावरनं पोरं ओरडायची, "बस्ता कुठल्या रस्त्यानं आला रं म्हादूनाना?"

म्हादू म्हणाला, पुन्हा भंडारा उचलतो. भरदुपारी अख्खं गाव देवळात. ताटली कुणी धरायची? मीच. गावचा खरा माणूस ना मी! त्यानं मूठ भरली, म्हणाला, मी सही केली न्हाय. मागनं कुणीतरी हसलं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं एवढंच बोलायचं होतं — तात्याबी सोलापुरात होता. बोलला नाही. मला शब्द दिला होता त्यानं.

आणि मी? ताटली खाली ठेवली आणि म्हणालो, "बिरोबा बघंल."

बस, तेवढंच. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं.

त्याच्या पोरीवर अक्षता टाकायला गावातनं कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. हलगी ऐकत घरात बसलो. उन्हाळ्यात त्याची मेंढरं कुणी रानात बसवून घेईना. पहिला नकार माझा. तोही निरोपानं — समोर जायची छाती नव्हती. हीच ती छाती, जिच्यावरनं रस्ता जाणार होता. आता तो करकंबाकडं परक्यांच्या रानात मेंढरं बसवतो. मला सभेत अजून पुढची खुर्ची देतात. बसतो मी तिच्यावर.

म्हादू अधनंमधनं मेंढरं घेऊन गावावरनं जातो. वाटेत गाठ पडली की थांबतो. शिवी देत नाही. आजूबाजूला कुणी नाही हे बघतो आणि हळूच विचारतो, "तात्या, डोळं कसं हायत आता?"

परवाही विचारलं. म्हणालो, बरं हायत. मान हलवून तो मेंढरांमागं गेला.

माझ्या डोळ्यांना कधी काही झालेलंच नव्हतं.