माझ्या नावाची फर्म

"मुनीमजी, आज कंप्यूटर को हाथ मत लगाना. पूजा का है."

शेठ सगळ्यांसमोर म्हणाला. अलीगंजमधलं आंबे भरायच्या लाकडी पेट्या विकणारं दुकान. जीएसटी आलं त्या वर्षीची दिवाळी. वह्यांऐवजी आता कॉम्प्युटरची पूजा होती. एरवी त्याची बटणं माझीच बोटं दाबत. सगळी बिलं, सगळे रिटर्न. त्या दिवशी शेठच्या मुलाने गंगाजल शिंपडून कीबोर्ड पुसला. बाकीचे नोकर आत बसले. मी उंबऱ्याबाहेर, स्टुलावर.

लखनौत मराठी आडनावावरून जात कळत नाही. शेठने ती पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती. महार, मी सांगितलं होतं. खाली न बघता.

आत प्रसाद वाटत होते. माझा फोन वाजला. रिटर्न भरायचा ओटीपी, सोबत फर्मचा जीएसटी क्रमांक. शेठच्या फर्मचा नव्हे. या क्रमांकाच्या पोटात मालकाचा पॅन असतो. वाचला. पुन्हा वाचला. पॅन माझा.

महिन्यापूर्वी पगाराच्या खात्यासाठी म्हणून शेठने माझं पॅन, आधार घेतलं होतं. फोनवर आलेला ओटीपीही विचारून घेतला होता.

"ओटीपी बोलिए, मुनीमजी," मुलगा आतून ओरडला.

"ये फर्म किसकी है?"

शेठ हसला. "तेरी. घर बैठे मालिक बना दिया. तुम लोगों में किसी का नाम चढ़ा है कभी फर्म पर?"

नोकरही हसले.

मी उठलो. "मालिक हूँ, तो अंदर आकर बैठूँ?"

हसणं थांबलं. सरकलं कुणीच नाही.

"ज़्यादा मत बोल. नंबर बता. कल आख़िरी तारीख़ है."

"नहीं बताऊँगा."

"फिर बोनस भूल जा. नौकरी भी."

"भूल गया."

घरी येऊन जीएसटीच्या साइटवर पासवर्ड बदलून त्या फर्मचं खातं उघडलं. ओटीपी माझ्याच फोनवर येत होते. आत सप्टेंबरची बिलं. आंब्याच्या पेट्या, पेट्याच पेट्या. सप्टेंबरात इथल्या मलिहाबादच्या कुठल्या झाडावर दसेरी आंबा असतो, की पेट्या लागाव्यात? माल नाही, नुसती बिलं. कर बुडवणार ते, नोटीस येणार मला.

बायको म्हणाली, "आधी दुसरी नोकरी बघा, मग भांडा."

मी आधी तक्रार लिहिली.

कर कार्यालयातल्या बाबूने ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "काग़ज़ पर तो मालिक आप ही हैं. आप भी फँसेंगे."

फसेन. बोलावतील तिथं जाईन. एकेका खोट्या बिलावर बोट ठेवून दाखवीन. पूजेच्या दिवशी चाललं नाही, तेच बोट. फर्म माझ्या नावावर आहे ना? मग तिला टाळंही मीच लावणार.