गोळी न घेणारा माझा भाऊ

माझा भाऊ सोफ्याचा कारागीर. ओठांत बारीक खिळे धरायचे, जिभेनं एकेक पुढं सरकवायचा, लोहचुंबकाच्या हातोडीनं उचलायचा आणि रेक्झिनवर ठोकायचा, ही त्याची पद्धत. म्हणून बाजारात त्याला सगळे खिळ्या म्हणतात. मी त्याची थोरली बहीण. खाली माझं इस्त्रीचं दुकान, वर त्याचा संसार. हा माणूस तोंडात मूठभर लोखंड धरेल, पण औषधाची गोळी पुढं केली की दातखीळ बसते. "एकदा गोळी सुरू झाली की माणूस गोळीचा गुलाम," हे त्याचं ब्रह्मवाक्य. मागे चक्कर येऊन सोफ्याच्या सांगाड्यावर आदळला, तेव्हा डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलं आणि रोजची गोळी लिहून दिली. ह्यानं गोळ्यांची पट्टी दवाखान्याच्या पायरीवरच बायकोच्या हातात कोंबली. म्हणाला, "तूच खा."

असा हा माणूस एके दिवशी माझ्या दुकानात येऊन म्हणतो, "ताई, मी औषधाच्या चाचणीला जातोय. नवी गोळी आहे. तिथंच राहायचं, ते देतील ती घ्यायची. पैसे चांगले देतात."

मी ऐकत राहिले आणि इकडे गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर करपली. आता मला सांगा, डोकं फिरेल की नाही? घरची गोळी आयुष्य वाढवते तर नको, आणि ज्या गोळीचं काय होणार हे बनवणाऱ्यालाच ठाऊक नाही, ती मात्र गोड!

"उंदरांवर करून झालंय सगळं," तो म्हणाला.

"मग उंदरांनाच विचारून ये ना, कसं वाटलं ते!"

तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की हे खूळ नाही, ह्यानं मनात धरलंय. ज्या मालकाकडे तो उमेदीची सगळी वर्षं राबला, तो म्हातारा दुकान बंद करून मुलीकडे निघाला होता. जाड शिलाईचं मशीन विकायला काढलेलं. 'तू घेणार असशील तर थोडा थांबतो,' म्हणाला होता. मशीन मिळालं तर भावाचं स्वतःचं दुकान. नाही मिळालं, तर केस पिकल्यावर पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहून 'काम आहे का' विचारायचं. बँकेनं नाही म्हटलं होतं. मी माझी शिल्लक पुढं केली, तर साहेब म्हणतात, "बहिणीच्या जिवावर दुकान नको." आणि अनोळखी डॉक्टरांच्या जिवावर चालतं! गाढवासारखा हट्टी, लहानपणापासून.

ही वाट त्याला दाखवली शेजारच्या पॉलिशवाल्यानं. तो दोनदा जाऊन आलेला, ठणठणीत. पण तिथं माणूस निरोगी लागतो, आधी सगळी तपासणी होते. मी मनात म्हटलं, बरं झालं. ब्लडप्रेशर मोजतील आणि दारातूनच परत पाठवतील. आपोआप प्रश्न मिटेल, मला वाईटपणा नको.

तपासणी झाली त्या दुपारी तो जिन्यावरून ओरडतच आला. "पास! सगळ्यात पास! ब्लडप्रेशर नॉर्मल! म्हटलं होतं ना, तो डॉक्टर थापाड्या आहे? बिनगोळीचा माणूस आहे हा!" छाती फुगवून त्यानं स्वतःच्याच दंडावर थाप मारली. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. भावजय मात्र भाजीची पिशवी धरून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, नवरा जाणार म्हणून घाबरली.

चाचणीच्या केंद्रातल्या बाईंनी त्याला सूचना दिल्या होत्या. भरती होईपर्यंत चहा बंद, कॉफी बंद, तंबाखू बंद, कुठलंही औषध बंद. "औषधाचा तर प्रश्नच नाही," हा त्यांना म्हणाला म्हणे. चहावर त्याचा जीव, पण मशीनसाठी तोही सोडला.

तिसऱ्या दिवशी मी चादरींच्या घड्या घालत होते, तेवढ्यात भावजय आली आणि दाराची फळी ओढून घेतली.

"वन्सं," ती म्हणाली, "माझ्या हातून काय झालंय बघा."

आणि तिनं सांगितलं. तो डॉक्टरांकडून आला त्या दिवसापासून ती रोज सकाळी गोळी कुटून त्याच्या चहात घालत होती. आलं जास्त, साखर जास्त, म्हणजे कडवटपणा कळायला नको. तो मिटक्या मारत पिऊन वर म्हणायचा, "तुझ्या हातचा चहा घेतला की दिवस चांगला जातो." बाईनं एकही सकाळ चुकवली नव्हती. माहेरी जायची वेळ आली तरी जायची नाही. मी तिला टोमणे मारायचे, नवऱ्याला सोडवत नाही म्हणून.

"चहा बंद, म्हणजे गोळी बंद," ती म्हणाली. "कालपासून त्यांचं डोकं दुखतंय. म्हणतात, चहा सुटला म्हणून दुखतंय. मान धरून बसलेत. उद्या भरती व्हायचंय. तिथं ह्या अंगावर ती नवी गोळी देतील. काय होईल हो?"

मी तिला बोलले, खूप बोलले, ते इथं लिहीत नाही. मग विचारलं, "सांगितलंस का त्याला?"

"सांगितलं तर आयुष्यात माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत. तुम्हीच गुपचूप केंद्रात फोन करा. ते नाव काढतील. ह्यांना कारण कळायची गरज नाही."

नंबर माझ्याकडे होता. मी फोन उचललाही. सोपं होतं की! सगळे सुखी, आणि माझ्या भावाला पत्ता नाही. पण बटणं दाबता दाबता वाटलं, हा तिथून परत आला की पॉलिशवाला ह्याला दुसऱ्या केंद्रात नेईल. तिथंही हा छाती ठोकून सांगेल, मला काही नाही. मी किती ठिकाणी फोन करणार? आणि हा असा बाळासारखा किती दिवस जगणार? फोन ठेवला, तिचं मनगट धरलं आणि तिला वर घेऊन गेले.

तो कपड्यांची पिशवी भरत होता. डोळे लाल, कपाळाला ओला रुमाल.

"चहा सुटणं म्हणजे बाळंतपण आहे गं ताई," तो म्हणाला.

मी भावजयीला म्हटलं, "बोल. नाहीतर मी बोलते." मग तिनं भिंतीकडे बघत एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यानं पिशवी खाली ठेवली नाही. "रोज?"

"रोज."

"मी पास झालो तेव्हापण?"

"त्या सकाळीपण."

मला वाटलं, आता भांडी आदळणार. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही, आणि तेच मला सहन होईना. तो दाराशी गेला, चपला घातल्या आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "तिथं निदान आधी विचारतात. सही घेतात. मग देतात."

खरंच होतं ते.

भावजय रडत होती, पण उत्तर तिनं दिलं. "विचारलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर. तुम्ही 'तूच खा' म्हणालात." मग नाक पुसून म्हणाली, "त्यांना तुमच्या जागी दुसरा माणूस मिळतो हो. मला कुठून आणायचा होता?"

तो दारातच उभा राहिला. मानेवर हात दाबून धरला होता, शीर उडताना मला दिसत होती. मला भीती वाटली, आत्ताच इथंच कोसळतो की काय. मग तो उंबऱ्यावरच खाली बसला.

"म्हणजे मशीन गेलं," तो म्हणाला.

गेलंच होतं ते.

त्यानं फोन काढला. केंद्रातल्या बाईंना स्वतःचं नाव सांगितलं. म्हणाला, "उद्याच्या यादीतून मला काढा." पलीकडून कारण विचारलं असणार, कारण त्यानं घसा खाकरला, पुन्हा खाकरला. हे वाक्य त्यानं आजवर डॉक्टरसमोर म्हटलं नव्हतं, माझ्यासमोर नाही, आरशासमोरही नसेल.

"मला ब्लडप्रेशर आहे," तो म्हणाला. "गोळी चालू आहे."

बाईंनी आणखी काहीतरी विचारलं.

"कोणती आणि कधीपासून?" त्यानं बायकोकडे वर बघितलं. राग होताच, पुरता होता. "ते मला नाही माहीत. थांबा, जिला माहीत आहे तिला देतो." आणि त्यानं फोन तिच्यापुढं धरला.