परके होऊन आलेले काका

बाबा दिवाळीनंतर गेले. कापसातून सरकी वेगळी करणारी त्यांची जिनिंग कंपनी मी चालवू लागले. पुसदची तेलगिरणी काकांची. सरकीचा साठा करायला जिनिंगने तिला दर हंगामात कर्ज द्यायचं, ही जुनी रीत. मात्र नात्यातल्या कंपन्यांनी व्याज परक्यांसारखंच लावावं, असा कराचा नियम. म्हणून बाबा काकांना दरवर्षी केबिनबाहेर पाठवायचे आणि परके होऊन आत यायला सांगायचे. हा खेळ त्या दोघांचा होता. यंदा काका नुसतेच समोर बसून राहिले. मला बाबांसारखं जमेल का, हीच धास्ती होती.

शेवटी मी म्हटलं, "काका, बाहेर जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते उठून बाहेर गेले, आणि दारावर टकटक झाली.

"मॅडम, कर्ज भेटते काय?"

"ओळख कोणाची?"

"माही पुतणी हाय ना इथं, लय हुशार!"

"ओळखत नाही मी तिला. बँकेचा दर, एक पैसा कमी नाही."

"बापाहून कडक हाय बाप्पा!"

दोघंही डोळे पुसेपर्यंत हसलो.

दर बँकेचाच ठरला. बाबांच्या खुर्चीत आता मी बसते, आणि काका दार वाजवून आत येतात.