मँगोचं तेलपाणी

मी एकदा एका सापाला कापूर घातलेल्या कोमट खोबरेल तेलाने मालीश केलं आहे. तसं करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

साप माझ्या मुलीचा. ईशा शिकायला शिकागोला गेली तेव्हा तिची सायकल, तिचं गिटार आणि मँगो नावाचा केशरी, बिनविषारी कॉर्न स्नेक इथे ॲन आर्बरच्या घरी आमच्या गळ्यात पडले. पहिले काही आठवडे मी त्याच्या काचेच्या पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग कधीतरी सकाळचा चहा तिथे बसून प्यायला लागले. माझा नवरा विकास सकाळी लॅपटॉपमधून मान वर काढत नाही. मँगो निदान जीभ तरी बाहेर काढायचा! मी त्याला लाडाने 'हापूस' म्हणायचे. (ईशासमोर नाही. तिच्यासमोर मी नाक मुरडायचे.)

जानेवारीत मँगो दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहायला लागला. मी कौतुकाने ईशाला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, किती स्वच्छ आहे हा! तुझ्यापेक्षा जास्त वेळ आंघोळ करतो."

"आई, कॅमेरा जवळ ने. पाण्यात ब्लॅक डॉट्स आहेत का?"

"आहेत ना. मला वाटलं, माती असेल."

"आई, दे आर मूव्हिंग! दोज आर माइट्स! ते त्याचं ब्लड पितात!"

म्हणजे तो बिचारा अंगावरचे किडे बुडवायला पाण्यात बसला होता, आणि मी समोर चहा पीत त्याला शाबासकी देत होते. आजही ते आठवलं की चहा गोड लागत नाही.

ईशाने तिथूनच सापांच्या डॉक्टरची सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. "तोपर्यंत पेटीत पेपर टॉवेल घाल आणि पाणी बदल. बाकी काही करू नकोस. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं, आणि तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं.

पण शनिवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घरात रक्त पिणारे किडे आणि पंधरा-वीस बायका तिळगुळाला! मी विचार केला, डोक्यावरच्या बारीक किड्यांना आपण काय म्हणतो? उवा! ईशा दुसरीत असताना भारतातून डोकंभर उवा घेऊन आली होती. त्या मी तेल-कापूर लावून साफ केल्या होत्या.

"डॉक्टरला विचारलंस?" विकास म्हणाला.

"उवांसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?"

"अगं, पण तो साप आहे."

"म्हणून तर सोपं आहे. केस नाहीत!"

शनिवारी दुपारी मी देवातला कापूर कुटून तेलात घातला आणि मालीश सुरू केलं. मान कुठे संपते आणि पाठ कुठे सुरू होते ते कळेना, म्हणून सगळीकडेच सढळ हाताने लावलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. मी दचकले. आणि तेल लावलेला साप हातात धरून दचकू नये, हे मला तेव्हा समजलं. मँगो सुळकन निसटला आणि सोफ्याखाली गेला. तिथून कुठे गेला, देव जाणे!

बायका येत गेल्या. कोट उतरवून आमच्या पलंगावर टाकत गेल्या. मी हसतमुखाने हळदीकुंकू लावत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून फरशी बघत होते.

"घरात किती प्रसन्न वास येतोय ग!" माझी मैत्रीण नीलिमा म्हणाली. "आरती झाली वाटतं?"

"हो ना, आत्ताच!"

विकास हातात टॉर्च घेऊन सगळ्यांच्या पायांशी रांगत होता.

"विकास, काय हरवलंय?"

"कॉन्टॅक्ट लेन्स."

"तू तर चष्मा लावतोस!"

"म्हणूनच सापडत नाहीये," तो म्हणाला. (हा माणूस कंपनीत लोकांचे प्रश्न सोडवायचा पगार घेतो.)

वाण घेऊन बायका निघाल्या. दार उघडलं, बाहेर गुडघाभर बर्फ. नीलिमाने तिच्या लांबलचक जाडजूड कोटात हात घातला आणि तिचा चेहरा बदलला.

"सुनीता... माझ्या बाहीत कुणीतरी आहे."

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नीलिमाने कोट भिरकावला, मँगो ओल्या बुटांच्या ढिगावर पडला, आणि भरजरी साड्यांतल्या बायका नुसत्या मोज्यांवर बर्फात पळाल्या. मला हसू फुटलं होतं. पण मँगोला उचललं आणि हसू तिथेच विरलं. तो तोंड उघडून श्वास घेत होता आणि हातात नुसता लोंबत होता.

प्राण्यांच्या दवाखान्यात इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा वास घेतला. "व्हॉट डिड यू पुट ऑन हिम?"

"कॅम्फर."

"व्हाय?"

इतकी वर्षं अमेरिकेत काढली, पण ह्या प्रश्नाला मला इंग्रजी सुचलं नाही. विकास मदतीला धावला, "वी ऑल्सो बर्न इट फॉर गॉड." बाईंनी मँगोला आत नेलं. कापूर सापाला विषासारखा लागतो, हे त्यांनी नंतर अगदी हळू आवाजात सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ईशाही ओरडली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "आई, यू प्रॉमिस्ड."

मँगो वाचला. माइट्स डॉक्टरांच्या औषधाने गेले. पण वसंतातल्या सुट्टीत ईशा आली आणि पेटीसकट त्याला गावातच राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीकडे, एमिलीकडे, ठेवून गेली. मी 'बरं झालं, सुटले एकदाची' म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

आता मी बस पकडून अधूनमधून त्याला बघायला जाते. एमिली समजावते, साप माणसं ओळखत नाहीत, त्यांना सगळे सारखेच. तिला काय कळतंय! तिच्या हातावर तो तासन्‌तास पडून असतो. मी नुसतं "हापूस" म्हणत वाकले, की जीभ एकदाच बाहेर काढून वास घेतो आणि सरळ जाऊन पाण्यात बसतो.