काकाजींचा रोजचा नकार

अख्ख्या रायपुरात बाजाराला तोंडावर 'नाही' म्हणायची छाती एकाच माणसाची होती, आणि तो माणूस शंकर नगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. शहर राजधानी झालं, मॉल आले, रस्ते रुंद झाले, पण काकाजी कुणासाठी इंचभरही सरकले नाहीत. मॉलमध्ये बिल करणाऱ्या मुलीने मोबाईल नंबर मागितला की हे विचारत, "काहून? भाजी कशी झाली ते फोन करून विचारणार हायेस का?" आणि भरलेली टोपली तिथेच ठेवून ताठ मानेने बाहेर पडत. मग काकू आमच्या घरी कांदे मागायला येत.

पुढे पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि लढाई घरातच आली. कुठलीही साईट उघडा, खाली पट्टी हजर: कुकीज स्वीकारता का? मी समजावलं की कुकी म्हणजे दुकानदाराने आपल्याच खिशात सरकवलेली चिठ्ठी. पुन्हा गेलो की ती वाचून तो आपल्याला ओळखतो. जाहिरातवाल्यांची माणसं तर दुकानोदुकानी उभी असतात, त्यामुळे एका ठिकाणी काय पाहिलं ते दुसरीकडे लगेच कळतं. काकाजी ताडकन उभे राहिले. "खिसा माहा, चिठ्ठी त्याची! वा रे वा!"

तेव्हापासून ते प्रत्येक पट्टीला नकार देऊ लागले. तेवढ्यानेही समाधान होईना, म्हणून संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की उरल्यासुरल्या सगळ्या कुकीज पुसून टाकत. सकाळी साईट पुन्हा तोच प्रश्न विचारी आणि भिंतीपलीकडून गर्जना येई, "काल नाही म्हटलं होतं ना बे!" मी सांगून पाहिलं, "काकाजी, तुमचा नकारही साईट कुकीतच लिहून ठेवते. तुम्ही पुसता, म्हणून ती विसरते. तेवढी एक राहू द्या."

"एकही नाही! विचारू दे रोज. माहं तोंड काही दुखत नाही."

मला हसू आवरत नसे. एकदा मी तसाच हसलो, तेव्हा काकाजींनी मला अंगणात नेलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. काकूंना विसर पडायला लागला होता. कॉम्प्युटर नवा असताना, मी कुकीचं समजावण्याआधीच, काकाजींनी त्यावर त्या आजाराची औषधं शोधली, मोठ्या माणसांचे डायपर पाहिले. दुसऱ्या दिवशी दोघं राशिभविष्य वाचत बसले, तर बाजूला डायपरची जाहिरात आणि 'स्मरणशक्ती हरवतेय?' असा मोठा प्रश्न. काकूंनी बोट ठेवून विचारलं, "हे कोणासाठी हो?" काकाजींनी सरळ वायरच उपटली.

"पोट्टीले अजून सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "तुह्या काकूलेही सांगितलं नाही. सांगीन, मले जमेल तेव्हा, माह्या तोंडानं. हा कोण उपटसुंभ, माह्या बायकोले तिचा आजार सांगणारा?" मान ताठच होती. त्यानंतर मी त्यांच्या कुकीजवर हसलो नाही.

काही महिन्यांनी एका सकाळी मी पेपर द्यायला गेलो, तर दोघं कॉम्प्युटरसमोर बसलेले. पट्टी आली.

"काय विचारून राहिला हा?" काकूंनी विचारलं.

"आपली माहिती मागून राहिला."

"घरातली?"

"हव."

"नाही म्हणा! आपल्या घरातलं याले काय करायचं?" असं ठणकावून काकूंनी स्वतःच बटण दाबलं. काकाजींची छाती फुगली. मग काकू माझ्याकडे वळल्या. आदल्याच दिवशी त्यांनी मला लिंबाच्या लोणच्याची बरणी भरून दिली होती. त्या हसल्या आणि त्यांनी काकाजींना हळूच विचारलं, "हे भाऊ कोण आहेत?"

बाजाराने साधं नाव विचारलं तर घर डोक्यावर घेणाऱ्या त्या माणसाने माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, नोकरी सांगितली, माझं दार कुठलं तेही खिडकीतून दाखवलं. अजिबात घाई न करता. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्या मला म्हणाल्या, "बसा ना भाऊ, पहिल्यांदाच आलात आमच्याकडे."