सोलापुरात सगळे एक जूनचे

पुण्याहून सकाळची बस सुटली तेव्हा आमचे हे खिडकीशी बसले होते, मांडीवर गणिताची पिशवी घट्ट धरून. पिशवीत लॅपटॉप, त्याच्या वायरी आणि खडूची पेटी. कंडक्टरनं ती वर ठेवायला सांगून पाहिलं, पण यांचे कान अशा वेळी सोयीनं बंद होतात.

हे गणिताचे निवृत्त प्राध्यापक. हल्ली सामान्य लोकांसाठी गणितावर व्याख्यानं देतात, आणि गणित म्हटलं की जी पळ काढते ती मी बरोबर जाते. मागच्या महिन्यात पुण्यातच यांचा प्रयोग फसला. कुठलीही तेवीस माणसं एकत्र आली, तर त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, असं हे सांगतात आणि लगेच श्रोत्यांना तारखा विचारतात. त्या दिवशी एकही जुळली नाही. "मग उपयोग काय याचा?" म्हणत एक गृहस्थ उठले आणि त्यांच्यामागून अर्धं सभागृह चहाकडे गेलं. घरी येऊन हे म्हणाले, "सोलापूरला शब्द दिलाय म्हणून जातो. मग ही पिशवी माळ्यावर." व्याख्यान नसलं की हा माणूस दिवसभर टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसतो, आणि टीव्ही बंद असतो.

टेंभुर्णीला बस चहाला थांबली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला. पिशवी सांभाळायच्या नादात हे स्वेटर टपरीवरच विसरले. बस हलली तसा टपरीवाला धावत आला आणि खिडकीतून माझ्या अंगावर स्वेटर टाकून म्हणाला, "मावशी, मालकांचं ऱ्हायलं की हितं (इथे)." मालक म्हणजे नवरा. आमचे मालक तेव्हा डोळे मिटून तोंडातल्या तोंडात भाषण पाठ करत होते.

सोलापुरात उतरलो तर जानेवारीतही ऊन चटके देत होतं. स्टँडवर बिराजदार सर घ्यायला आले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक, भवानी पेठेतल्या वाचनालयात दर महिन्याला एक व्याख्यान ठेवतात. त्यांच्या घरी जेवायला कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली पातळ भाकरी), शेंगाची चटणी आणि वर दही. मी लाज सोडून जेवले. हे मात्र घास चिवडत होते. बिराजदारकाकू वाढता वाढता मला म्हणाल्या, "मी गणितात नापास झालेली बाई. आपण दोघी मागं बसू, झोप आली तर कुणाला दिसायला नको." माझी आणि त्यांची तिथंच गट्टी जमली.

संध्याकाळी वाचनालय भरलं. पांढऱ्या टोप्या, पांढरे केस, मागे कोपऱ्यात थोडी तरणी मंडळी. यांनी सुरुवात झकास केली. माणसं तेवीसच असली तरी त्यांच्या जोड्या अडीचशेच्या वर होतात, आणि तारीख जुळायची ती जोडीची, हे इतकं सोपं करून सांगितलं की मलासुद्धा कळलं. मग हे पहिल्या रांगेकडे वळले. "चला, एकेकानं फक्त दिवस आणि महिना सांगा."

पहिले आजोबा म्हणाले, "एक जून."

दुसरेही म्हणाले, "एक जून." तिसरे नुसतेच हसले आणि शेजाऱ्याकडे बोट करून "तेच" म्हणाले. सगळी खोली खो खो हसायला लागली. मी कपाळावर हात मारला. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांना एक जून लिहून टाकायचे, म्हणजे मूल पहिलीत नियमात बसायचं. यांचा प्रयोग आजवर कॉलेजच्या पोरांवर आणि पुण्यातल्या जन्मदाखलेवाल्या लोकांवरच झालेला, त्यामुळे हे यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. यांचा चेहरा पडला. लोक टिंगल करताहेत असंच यांना वाटलं. खडू पेटीत ठेवायला हात गेला तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

माळशिरसकडचे एक आजोबा उठून उभे राहिले. "सर, चेष्टा न्हाय करत आमी. मास्तरांनी दिलेली तारीख हाय ही. खरी कुणाला म्हाईत?"

हे एकदम हसत सुटले. "अहो, माझ्याही आधार कार्डावर एक जूनच आहे." टाळ्यांनी खोली दणाणली. खोटं नाही सांगत, 'ती मास्तरांची तारीख' म्हणून या माणसानं घरात त्या दिवशी कधी शिरासुद्धा करू दिला नाही. मग यांनी लॅपटॉप मिटला. वाढदिवस वर्षभर सारखे विखुरलेले असतील तरच आपला हिशेब चालतो, इथं तो मास्तरांनी मोडला, असं समजावलं आणि खरी तारीख ठाऊक असलेल्यांनाच पुढे बोलावलं. लाजत लाजत पहिले तेवीस पुढे आले, त्यांत मी आणि काकूही. एकेक तारीख फळ्यावर चढत गेली आणि मी ती आधीच्या तारखांशी ताडून बघत गेले.

एकही जुळली नाही.

यांनी खडू खाली ठेवला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मला पुण्याचा तो चहा आठवला. तेवढ्यात माझ्या शेजारून काकूंचा आवाज आला, जरा रागावलेलाच. "मग तोंड कशाला पाडताय सर? निम्मी शक्यता म्हणालात की तुमी. निम्म्या वेळा न्हायच जुळणार. दुसरे तेवीस घ्या की."

हे काकूंकडे असे बघत राहिले की मला हेवाच वाटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडे असं कधी बघितलं नाही. सरकलेली खुर्ची पुढे येऊ बघणाऱ्या बाईची होती. दुसऱ्या फेरीत दोन तारखा जुळल्या, आणि एका पोस्टमनला नि एका कापडवाल्याला सगळ्यांनी लग्न जमल्यासारखं एकमेकांच्या गळ्यात घातलं. वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी लोक हलेनात.

दुसऱ्या दिवशी सत्काराची चादर आणि चटणीची पुडी घेऊन परतलो. बसमध्ये हे भरभरून बोलत होते आणि पिशवी चक्क वर ठेवली होती. गणित मला अजून येत नाही. पण आपलं म्हणणं कुणाला तरी कळलं, एवढ्यावर माणूस उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

घरी पोचल्यावर मी मुद्दाम विचारलं, "स्टूल आणू का? पिशवी माळ्यावर टाकायची होती ना?"

"आधी सोलापूरची तिकिटं बघ," हे म्हणाले. "एक जूनला सगळ्यांचा एकत्र वाढदिवस ठरलाय, मलाही धरलंय. आणि काकूंना कळव, शिरा नको, शेंगाची पोळी करा."