याकोबच्या फाटकाची दांडी

याकोब गेल्याची बातमी मला एसटीनेच आणली. दुसरं कोण आणणार? वैशाखातली दुपार होती. मी नंदुरबारला घराच्या ओट्यावर पडलो होतो, आणि नवापूर गाडीचा कंडक्टर डेपोत गाडी लागल्या लागल्या तडक माझ्याकडे आला. "दादा, तुमचा नाक्यावरचा मित्र..." एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसलो, "अरे मग बोल ना पुढे! तोंडात काय गुळणी धरलीस?" पण मला कळलं होतं. पोटातल्या गाठीने तो हिवाळ्यापासून झिजत चालला होता. मिशनच्या दवाखान्यातून त्याला घरी पाठवलं तेव्हाच आम्ही सगळे काय ते समजलो होतो. समजलो असलो म्हणून काय झालं? बातमी लागायची ती लागलीच.

हे मी बोलतोय आणि माझी मुलगी शालू लिहून घेतेय. मधेच थांबून म्हणते, "बाबा, शिव्या गाळू का?" गाळ बाई. याकोब असता तर त्यानेही गाळायला सांगितल्या असत्या.

त्याच्या मातीला गेलो तेव्हाची एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. याकोबचं घर नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून. अंगणाच्या तोंडाशी त्याने एक आडवी लाकडी दांडी बसवलेली होती, फाटक म्हणून. त्या दिवशी मी शालूचा हात धरून पोचलो तर ती दांडी सरळ उभी, टोक आभाळात. मला वाटलं, माणसांची ये-जा आहे म्हणून कोणी उघडून ठेवली असेल. पण याकोबची बायको, रूथवहिनी, त्या रडण्यातसुद्धा मला म्हणाली, "बघा ना दादा, शेवटी शेवटी यांनी उठून काय खाटखूट केली कोण जाणे. तेव्हापासून दांडी खाली राहतच नाही. दोरीने बांधावी लागते. शेळ्या आत शिरून सगळं खाऊन चालल्या..." दुःखात माणूस कशाचं काय बोलतं! मी "असू द्या वहिनी" म्हणालो आणि ती गोष्ट तिथेच सोडून दिली.

माझी त्याची ओळख झाली ती मी एसटीवर नवा डायवर होतो तेव्हा. नंदुरबार, विसरवाडी, नवापूर आणि पुढे सोनगड, ही माझी लाईन. याकोब तिकडच्या डोंगरपट्टीतला, ख्रिस्ती कोकणी आदिवासी घरातला. थोडी शेती होती आणि मिशनच्या शाळेत शिकलेलं सुतारकाम होतं. माणूस एकदम कमी बोलणारा. मी एक मैलभर बोलत राहायचो तेव्हा तो एक "हं" म्हणायचा. तरी आमचं जमलं, कसं ते देवाला ठाऊक, त्याच्या किंवा माझ्या.

त्याची माय म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. म्हातारीचे डोळे पार गेलेले, पण पाय शाबूत. एक मुलगा इकडे, एक मुलगी कोसभर पुढे रस्त्याकाठच्याच गावात. सकाळी ती लेकीकडे निघायची, दुपार कलली की लेकाकडे परत. हातात काठी घ्यायची नाही. उजवा हात पुढे धरून, रस्त्याची कड पायाने चाचपत ताठ चालायची. आम्ही सगळे डायवर तिला ओळखायचो. लांबूनच गाडी हळू करायची, हॉर्न वाजवायचा नाही, ती दचकते. एकदा मी गाडी थांबवून म्हणालो, "माय, बस ना गाडीत, सोडतो." तर त्यांच्या कोकणी बोलीत म्हणते कशी, "तुझ्या गाडीला रस्ता लागतो, मला तो पाठ आहे." बसली नाहीच.

मग दोन राज्यं झाली. काल एकच असलेला रस्ता आज अर्धा महाराष्ट्राचा, अर्धा गुजरातचा. याकोब आणि त्याची बहीण दोन राज्यांत गेले, जागचं न हलता. हद्दीवर तपासणीचा नाका आला, आणि नाक्यावर फाटक पाहिजे म्हणून सुताराचा शोध सुरू झाला. सुतार कोण? याकोब. फाटक बसवायचं काम त्याला, आणि ते उघडायची-लावायची नोकरीही त्यालाच. घरात पहिल्यांदा सरकारी नोकरी आली होती. रूथवहिनीने गूळ वाटला. मी पण खाल्ला. याकोब मात्र खाली मान घालून बसलेला. मी म्हटलं, "काय रे, गूळ कडू लागला का?" तो म्हणाला, "मायच्या रस्त्यावर आडवं लाकूड घालायचंय, डायवर. तिच्या कपाळाला लागलं म्हणजे?"

फाटक बसलं ते मी रोज येता-जाता पाहत होतो. रस्त्याच्या एका कडेला दोन जाड खांब पुरले, त्यांच्यामधून जुन्या बैलगाडीचा लोखंडी आस घातला आणि त्या आसावर सागाची लांब सरळ दांडी तोलली. दांडीचं लांब टोक रस्त्यावर, आखूड टोक मागे, आणि मागच्या टोकाला पत्र्याची पेटी. त्या पेटीत धोंडे घालायचे. धोंडे कमी तर दांडी जमिनीकडे ओढणार, जास्त तर आपोआप आभाळाकडे उठणार. नाक्यावरचे साहेब त्याला ऑटोमॅटिक फाटक म्हणायचे आणि आमच्या गाडीतली माणसं खिडकीतून माना काढून ते ऑटोमॅटिक पाहायची. याकोब चार-चार बोटांचा एक-एक धोंडा घालायचा, काढायचा, दांडीला टिचकी मारायचा, परत घालायचा. मी आमच्या अहिराणीत ओरडायचो, "मन्हा टाइम जाई ऱ्हायना, भो! लगीन लावी ऱ्हायना का दांडीनं?" तो हसायचा आणि पुन्हा धोंडा बदलायचा.

शेवटी त्याने जो तोल साधला तो असा, की दांडी आडवी राहायची खरी, पण हाताचा तळवा लागला की वर उठायची. आणि हात काढला की सावकाश, काही न आपटता, खाली यायची. उंची मायच्या पुढे धरलेल्या हाताची. साहेबांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, पोरंही उघडतील हे. लाकडाचे ट्रक असेच जातील." साहेब काही वाईट माणूस नव्हता, त्याचंही बरोबरच होतं. याकोबने दांडीला अडवणारी एक लोखंडी खिटी करून दिली आणि म्हणाला, "ट्रक दिसला की खिटी घालीन. पण माय जायच्या-यायच्या वेळी काढून ठेवू द्या." साहेबांनी विचार केला आणि सांगितलं, "ठेव. पण एक जरी ट्रक न तपासता गेला, तर नोकरी गेली समज." याकोब म्हणाला, "हं."

पहिल्या दिवशी माय आली तेव्हा माझी गाडी तिथेच उभी होती. म्हातारीचा हात दांडीला लागला, दांडी उठली, म्हातारी खालून पुढे गेली. थांबलीसुद्धा नाही. याकोब खांबाला धरून उभा होता. त्याचा चेहरा असा काही फुलला होता, की मी टाइम विसरून गाडी तशीच उभी ठेवली.

पण फाटक बसवलं होतं उन्हाळ्यात. लाकूड वाळून खडखडीत झालेलं. आषाढात झड लागली आणि सुताराच्या डोक्यातून एक साधी गोष्ट निसटली. झडीत तो चौकीच्या आडोशाला बसायचा आणि गाडी आली की मागून पेटी दाबून वाट द्यायचा, पुढून तळवा लावायची वेळच येत नव्हती. त्या दिवसांत माय दिसेना. याकोबला वाटलं, पाऊस आहे, बहिणीने ठेवून घेतली असेल. एक दिवस सोनगडकडून परत येताना मला ती लेकीच्या गावाच्या फाट्यावर झाडाखाली बसलेली दिसली, डोक्यावर घोंगडी, तोंड आमच्या बाजूला. गाडी थांबवली, खाली उतरलो. "माय, इथे काय करतेस? घरी का येत नाहीस?" म्हातारी शांतपणे म्हणाली, "गेले होते रे. त्याने दार लावून घेतलंय. ढकललं, हललं नाही. सरकारचा हुकूम असेल. त्याला काही बोलू नकोस, त्याची नोकरी आहे."

माझं डोकं असं फिरलं! नाक्यावर गाडी आडवी उभी केली, पन्नास माणसं आत, आणि उतरून याकोबची गचांडी धरली. "तुन्ही माय तठे झाडखाले बठेल शे, आन् तू आठे काय करी ऱ्हायना? तिले वाटनं तू दार लाई लिधं! आग लाव तुन्हा फाटकले!" "मी नही लावं, भो... खिटी काढेल व्हती," असं पुटपुटत तो दांडीपाशी गेला, तळवा लावला. दांडी हलली नाही. दोन्ही हात लावले तेव्हा कुठे कुरकुरत उठली. तो ओल्या लाकडावरून हात फिरवत उभा राहिला. "पाणी पी गयं हाई," एवढंच बोलला. मग चिखलात गुडघे टेकून त्याने रस्त्याकडेचे धोंडे गोळा करायला सुरुवात केली, एकेक पेटीत घालायचा आणि तळवा लावून बघायचा. डोळ्यांतून पाणी चाललं होतं की पावसाचं होतं ते मला सांगता येणार नाही. नाही, येईल. तो रडत होता. गाडीतली माणसं उतरली आणि तीही धोंडे आणून देऊ लागली. एकानेही उशीर झाला म्हणून तोंड उघडलं नाही.

धोंडे बरोबर बसले तसा तो पळत मायला आणायला निघाला. मी म्हटलं, गाडी वळवतो, पण तो ऐकेचना. नंतर साहेबांनीच मला सांगितलं, की तो तिला हात धरून घेऊन आला, दांडीपाशी आल्यावर तिचा हात सोडला आणि मागे उभा राहिला. म्हणाला, "तूच उघड, माय." तिने हात लावला. दांडी उठली. म्हातारी पहिल्यांदाच तिथे थांबली, दांडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ओलं झालंय रे. तेल लाव." आणि घरी गेली.

तेव्हापासून दर वर्षी याकोबचा तो नेमच झाला. झड लागली की पावसाळी धोंडे पेटीत घालायचे, दिवाळीनंतर लाकूड सुकलं की काढायचे. नोकरी त्याची टिकली, ट्रक एकही निसटला नाही. माय पुढे म्हातारपणाने गेली. त्यानंतर नाक्यावर लोखंडी दांडी आली, तेव्हा साहेबांना विचारून त्याने जुनी लाकडी दांडी, आस, पेटी सगळं घरी आणलं आणि अंगणाच्या तोंडाशी बसवलं. मोहाच्या झाडाखाली पावसाळी धोंडे रचून ठेवले. मी चिडवायचो, "चोर येईल ना रे अशा फाटकातून!" तो म्हणायचा, "येऊ दे की."

आता माझं. मागच्या वर्षी एसटीच्या डॉक्टरांनी माझे डोळे तपासले आणि मला गाडीवरून उतरवलं. काचबिंदू म्हणे. कडा आधीच गेल्यात, मधलं जेमतेम उरलंय, तेही जाणार. ज्याने सगळा जन्म रस्ता पाहण्यात घालवला त्याला हे कसं वाटलं असेल, ते मी सांगत बसत नाही. घरात सगळ्यांवर ओरडत होतो. याकोबकडे गेलो, तर हा माणूस सांत्वन करायचं सोडून मोजपट्टी घेऊन माझ्या पुढ्यात उभा. "काय करतोस?" तर म्हणतो, "दांडीची उंची बदलतोय. माय हात पुढे करून चालायची. तू छाती काढून चालतोस, डायवर. तुला ती छातीलाच लागायला हवी." मी भडकलो. "मी आंधळा नाही झालो अजून! तुझ्या दांडीची मला गरज नाही." तो म्हणाला, "हं." आणि खांबाला खुणा करत राहिला.

परवा श्रावणात, त्याच्या मातीनंतर पहिल्यांदा, मी त्याच्या घरी गेलो. चार दिवस संततधार चाललेली. अंगणापाशी शालूचा हात सोडला, म्हटलं, मला जाऊ दे एकट्याला. मनात धरून होतो, की दांडी पाणी पिऊन जड झाली असणार, आता धोंडे घालायला कोण आहे? खांदा लावूनच रेटावी लागणार. छातीला ओलं लाकूड लागलं. मी जोर करायला तळवा टेकवला मात्र... दांडी उठली. त्या हाताला काही करावंच लागलं नाही.

मी हाक मारली, "वहिनी, धोंडे कोणी घातले?"

"कोणीच नाही हो दादा," आतून रूथवहिनी म्हणाली. "कोण हात लावणार? पाऊस लागला तशी दांडी आपली आपणच खाली यायला लागली."

चाचपत मागे गेलो. पेटी काठोकाठ भरलेली होती. मोहाच्या झाडाखाली पायाने शोधलं, तिथे एकही धोंडा नव्हता. भर वैशाखात, कोरड्या लाकडाला, पोटात गाठ घेऊन अंथरुणातून उठून त्याने पावसाळी धोंडे घालून ठेवले होते. पावसात आपण असणार नाही, आणि हा तापट डायवर येणार, एकटाच येणार, एवढं त्याला ठाऊक होतं. मातीच्या दिवशी ती दांडी आभाळाकडे का उभी होती, ते मला तेव्हा कळलं.

शालू धावत आली, म्हणाली, "बाबा, आत चला, भिजताय." मी म्हटलं, थांब जरा. पुन्हा दांडीपाशी गेलो, तळव्याने वर केली आणि हात सोडला. ती सावकाश, काही न आपटता, खाली आली आणि माझ्या छातीला टेकली.